ओडिसियसने आपलं नाव का सांगितलं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही कादंबरी लिहिताय, नायक हुशार हवाय पण आदर्श पुतळा नकोय, म्हणून होमरची ‘ओडिसी’ वाचायला घेतली, म्हणजे ट्रॉयच्या युद्धानंतर इथाकाला घरी परतणाऱ्या ओडिसियस राजाचं प्राचीन ग्रीक काव्य. आणि वाचताना तुम्हाला त्या नायकाचा रागच आला. हा माणूस पावलोपावली खोटं बोलतो, त्याच्याबरोबर निघालेला एकही खलाशी घरी पोचत नाही, शेवटी घरातल्या १२ दासींना फास लागतो, आणि तरी काव्य त्याच्या बाजूने उभं राहतं. तुम्ही विचारलंय की अशा नायकात दोष किती ठेवावा, म्हणजे तो वाचकाच्या मनातून उतरणार नाही.

मी २२ वर्षं हे काव्य शिकवते आहे, आधी कॉलेजात आणि आता रविवारच्या एका वाचनगटातही. त्या अनुभवावरून सांगते, ‘किती’ हा प्रश्न धरून बसलात तर हाती काही लागणार नाही. भाजीत मीठ घालावं तसा दोष वरून घालता येत नाही. तो उगवतो कुठून, हे बघायला हवं. ओडिसियस ज्या गुणामुळे संकटातून सुटतो, त्याच गुणामुळे त्याची माणसं बुडतात. मुळं एकाच जागी आहेत. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते ओळीओळीतून दाखवल्याशिवाय पटायचं नाही.

त्याआधी एक गोष्ट मान्य करते. तुम्ही कोणता ओडिसियस समोर ठेवता यावर बरंच अवलंबून आहे. ट्रॉयच्या युद्धावरच्या, होमरच्याच ‘इलियड’मधला ओडिसियस हा सेनेचा सल्लागार आहे. तिथे ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस त्याला तोंडावर ऐकवतो की मनात एक ठेवून ओठांवर दुसरं आणणारा माणूस मला नरकाच्या दारांइतका नकोसा वाटतो. अथेन्सच्या रंगभूमीवर, नाटककार सोफोक्लीसच्या इ. स. पू. ४०९ च्या ‘फिलोक्टेटीस’मध्ये, तोच माणूस एका आजारी योद्ध्याला फसवायला कोवळ्या मुलाला शिकवतो आणि बघवत नाही इतका थंड वाटतो. माणूस तोच, हुशारीही तीच. फक्त नाटकात त्या हुशारीची किंमत दुसरे मोजतात, आणि ‘ओडिसी’त ती दुसऱ्यांबरोबर त्यालाही मोजावी लागते. हा फरक कादंबरीकाराने जपून ठेवावा असा आहे.

आता नवव्या सर्गाकडे वळू. (काव्याचे २४ भाग आहेत, त्यांना आपण सर्ग म्हणू.) सायक्लोप्सची, म्हणजे एकडोळ्या राक्षसाची, गोष्ट लहानपणी ऐकलेली असते, म्हणून आपण ती भराभर वाचून पुढे जातो. मी गटात ती मुद्दाम सावकाश वाचायला लावते आणि सगळ्यांना एकच काम देते: तुम्ही असता तर ज्या क्षणी गुहेतून निघून गेला असता, तिथे पेन्सिलने खूण करा.

जवळपास सगळ्यांची खूण एकाच जागी पडते. ओडिसियस १२ निवडक माणसं घेऊन गुहेत शिरलाय. राक्षस चरायला गेलाय. आत चीजच्या टोपल्या आहेत, कोकरं आहेत. सोबती विनवतात: चीज घेऊ, कोकरं हाकत जहाजावर नेऊ आणि निघू. तो ऐकत नाही. त्याला त्या गुहेचा मालक बघायचाय, आणि पाहुणा म्हणून तो काही भेट देतो का, हेही बघायचंय. इथे वाचणारा म्हणतो, झाली चूक. पण ही चूक करायला लावणारी वृत्ती कोणती ते बघा. समोरच्या दरवाज्याआड काय आहे हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. काव्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय की याने अनेक माणसांची नगरं पाहिली आणि त्यांची मनं जाणून घेतली. ज्या कुतूहलाचं तिथे कौतुक झालं, तेच कुतूहल इथे सहा माणसं खातं.

पहिल्या रात्री दोन जण गेले. राक्षस घोरतोय, ओडिसियसचा हात तलवारीवर आहे. दुसरा कोणताही ग्रीक वीर इथे वार करून मोकळा झाला असता. ओडिसियस मात्र विचार करतो की हा मेला तर दारातला धोंडा कोण हलवणार? २२ गाड्यांनीही जागचा हलला नसता असा तो धोंडा आहे. आतच कुजून मरू. म्हणून तो हात मागे घेतो आणि रात्रभर जागा राहतो. सकाळी आणखी दोन माणसं खाल्ली जातात, आणि तो थांबतो. ग्रीकमध्ये या प्रकारच्या बुद्धीला ‘मेटिस’ म्हणतात. कावा, धोरण, हातचं राखून वागणं, वेळेची पारख, हे सगळं त्या एका शब्दात आहे. मेटिसची पहिली अट अशी की राग आला तरी हात आवरता आला पाहिजे.

मग ती दारू आणि ते नाव. ओडिसियस राक्षसाला दारू पाजतो आणि स्वतःचं नाव खोटं सांगतो. ‘माझं नाव ऊटिस’, म्हणजे ‘कोणीनाही’. मराठीत हा शब्दखेळ सुदैवाने जसाच्या तसा उतरतो. दारूने झोपलेल्या त्या राक्षसाचा, पॉलिफेमसचा, एकुलता डोळा ओडिसियस फोडतो. डोळा फुटल्यावर पॉलिफेमस ओरडतो, “मला कोणीनाही मारतोय!”, आणि बाहेरचे शेजारी म्हणतात की कोणी नाही ना, मग देवाची प्रार्थना कर. गटात इथे हमखास हशा होतो. ग्रीकमध्ये याच्याखाली आणखी एक थर आहे. शेजारी जेव्हा ‘जर कोणी नाही’ असं म्हणतात, तेव्हा व्याकरणाच्या नियमाने ‘ऊटिस’चं ‘मे टिस’ होतं, आणि ते कानाला ‘मेटिस’सारखं लागतं. म्हणजे शेजारी नकळत म्हणतात की तुला मेटिसच मारतेय. ओडिसियस सांगतो की माझं काळीज तेव्हा आतल्या आत हसलं.

ही हुशारी उभी कशावर आहे? नाव पुसून टाकण्यावर. जगायचं असेल तर काही काळ ‘कोणी नाही’ व्हावं लागतं. वीराला नेमकी हीच गोष्ट सहन होत नाही, कारण त्या जगात वीर जगतो तो ‘क्लेओस’साठी, म्हणजे लोकांच्या तोंडी राहणाऱ्या नावासाठी. नाव नसेल तर पराक्रम कोणाचा?

म्हणून गुहेतून निसटून जहाज किनाऱ्यापासून सुटल्यावर तो पॉलिफेमसला डिवचतो. राक्षस डोंगराचा सुळका उपटून भिरकावतो, त्या लाटेने जहाज परत किनाऱ्याला लागतं. खलाशी कसंबसं वल्हवत दुप्पट अंतर तोडतात. तो पुन्हा तोंड उघडतो. सोबती चहूबाजूंनी गयावया करतात. आणि तो ओरडून सांगतो: कोणी विचारलं तर सांग, डोळा फोडला तो नगरं लुटणाऱ्या ओडिसियसने, लाएर्टीसच्या मुलाने, इथाकात घर असलेल्याने.

नाव, बापाचं नाव, पत्ता. शाप द्यायला लागतं ते सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने पुरवलं. पॉलिफेमस हात वर करून बापाला, म्हणजे समुद्रदेव पोसायडनला, त्याच नावाने मागणं घालतो: हा घरी पोचू नये, पोचायचंच असेल तर उशिरा, वाईट अवस्थेत, सगळे सोबती गमावून, परक्याच्या जहाजातून पोचावा, आणि घरी गेल्यावर तिथेही संकट असावं. यातला शब्द न् शब्द पुढे खरा होतो.

तुम्ही याला अहंकार म्हणाल. वर्गातही तोच शब्द येतो आणि मला तो अपुरा वाटतो. जो माणूस दोन दिवस मृत्यूच्या दाढेत ‘कोणी नाही’ होऊन राहिला, त्याला सुटल्यावर आपण कोणी तरी आहोत हे जगाला ओरडून सांगावंसं वाटणं, हे मला फार माणसासारखं वाटतं. चूक भयंकर आहे, पण ती परकी नाही. दोष असलेला नायक वाचकाच्या मनातून उतरत नाही तो अशा जागांमुळे. तिथे आपणही तोंड उघडलं असतं, असं वाचणाऱ्याला आतून वाटतं.

दुसरी जागा दहाव्या सर्गातली. वाऱ्यांचा राखणदार इओलस सगळे उलटे वारे बैलाच्या कातड्याच्या पिशवीत कोंडून, चांदीच्या दोरीने बांधून ओडिसियसच्या हवाली करतो. नऊ दिवस, नऊ रात्री ओडिसियस स्वतः शिडाची दोरी धरून बसतो, दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसू लागतं, इतकं जवळ की किनाऱ्यावर आगट्या पेटवणारी माणसं दिसतात. आणि त्याला झोप लागते. खलाशी म्हणतात, पिशवीत सोनं-चांदी असणार. आपणही तेवढीच वाट तुडवली आणि रिकाम्या हाताने घरी चाललोय. पिशवी सुटते. वारे सुटतात. दिसलेलं घर नाहीसं होतं.

आमच्या वाचनगटात व्यापारी जहाजांवर नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात, रत्नागिरीकडचे. मी इतकी वर्षं हा प्रसंग खलाशांच्या लोभाचा म्हणून शिकवत आले होते. ते ऐकून घेत होते, मग चष्मा काढून म्हणाले, “बाई, चूक कॅप्टनची आहे. नऊ दिवस एकट्याने वॉच केला आणि कोणाला हँडओव्हर दिला नाही. असा माणूस झोपणारच. आणि पिशवीत काय आहे ते निदान एका माणसाला सांगायला नको?” मी घरी येऊन तो भाग पुन्हा वाचला. खरंच, पिशवीत काय आहे हे त्याने कोणाला सांगितल्याचा उल्लेख कुठेही नाही. ज्याला इतरांची मनं ओळखता येतात, त्याला स्वतःचं मन कोणापुढे उघडता येत नाही. हातचं राखून वागण्याची सवय शत्रूपुरती मर्यादित राहत नाही, ती आपल्या माणसांशीही तशीच वागते. त्या रविवारनंतर मी हा सर्ग वेगळा शिकवते.

याच्या लगेच पुढे लेस्ट्रिगोनियनांचं बंदर येतं. आत पाणी शांत आहे. त्याच्या ताफ्यातली ११ जहाजं आत जाऊन एकमेकांना खेटून उभी राहतात. ओडिसियस एकटा आपलं जहाज बाहेर, खडकाला बांधतो. नरभक्षक वरून धोंडे टाकतात आणि ती ११ जहाजं संपतात. त्याला संशय आला होता का? आला असेल तर बाकीच्यांना का सांगितलं नाही? काव्य उत्तर देत नाही. तुम्हीही तुमच्या कादंबरीत अशी एखादी जागा उत्तर न देता सोडायचं धैर्य ठेवा.

आणि सिला. सहा डोक्यांची ही राक्षसीण सहा माणसं उचलणार हे त्याला सर्सी या जादूगारणीने आधीच सांगितलंय. तो खलाशांना सांगत नाही, कारण ते वल्ही टाकून आत लपतील आणि सगळंच बुडेल. हा हिशेब कदाचित बरोबरही असेल. पण उचलल्या जाणाऱ्या त्या सहा जणांनी काय केलं? त्यांनी शेवटचं म्हणून त्याला नावाने हाक मारली. समुद्रावर जे जे भोगलं त्यात याहून केविलवाणं काही पाहिलं नाही, असं तो स्वतः सांगतो. गुहेबाहेर ज्या नावासाठी तो ओरडला होता, ते नाव इथे त्याच्याकडे असं परत येतं.

इथवरचं एकत्र ठेवून बघा. बघायची हौस त्याला जग दाखवते आणि गुहेतही नेते. नाव लपवल्यामुळे तो सुटतो, आणि जे नाव लपवावं लागलं तेच त्याला पुढे गप्प बसू देत नाही. मनातलं न सांगण्याने तो शत्रूवर मात करतो आणि आपल्या माणसांना अंधारात ठेवतो. यातून दोष तेवढा कापून काढता येतो का, करून बघा. हुशारीही बरोबर निघून येईल.

आता खोटेपणाबद्दल. मराठी वाचकाला इथे ‘नरो वा कुंजरो वा’ आठवणारच, आणि ती आठवण कामाची आहे. युधिष्ठिर एकदा अर्धसत्य बोलतो आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. तिथे सत्य हा जगाचाच नियम आहे; तो मोडला की जग प्रतिक्रिया देतं. ‘ओडिसी’च्या तेराव्या सर्गात ओडिसियस इथाकाच्या किनाऱ्यावर जागा होतो, समोर एक तरुण मेंढपाळ उभा असतो. त्याला तो बेधडक थाप मारतो की मी क्रीटचा, खून करून पळालोय. तो मेंढपाळ म्हणजे वेषांतर केलेली देवी अथीना. ती हसते, त्याला हाताने कुरवाळते आणि म्हणते की तुझ्यापुढे जायला फारच धूर्त असायला हवं, तो देव असला तरी. म्हणून त्याचं खोटं बोलणं आपल्या मापाने मोजून त्याच्या दोषांच्या यादीत टाकू नका. तुमच्या कादंबरीतलं जग खोट्याकडे कसं बघतं, हे तुम्हाला आधी ठरवावं लागेल. ते ठरलं नाही तर कशाला दोष म्हणायचं हेच ठरणार नाही.

अजून एक बारकावा, लेखक म्हणून तुम्हाला फार उपयोगी. नऊ ते बारा हे चार सर्ग ओडिसियस स्वतः सांगतो, फिएशियन नावाच्या लोकांच्या राजाकडे, जेवणानंतर. ‘त्यांचं ऐकलं असतं तर फार बरं झालं असतं’ हे गुहेतलं वाक्य त्याचंच आहे. उलट काव्याच्या आरंभी कवी म्हणतो की सोबती आपल्याच बेपर्वाईने मेले. दोन्ही बाजू काव्यात आहेत. ओडिसियस घरी नसताना त्याच्या बायकोशी, पेनेलोपीशी, लग्न करायला टपलेल्या मागणीदारांना तो परतल्यावर मारतो. आणि चोविसाव्या सर्गात त्या मेलेल्यांतल्या एकाचा बाप, युपायथीस, भर सभेत उभा राहून बोलतो: याने जहाजं घालवली, माणसं घालवली, आणि परत येऊन आमची उत्तम पोरं मारली. नायकाविरुद्धचा सगळा आरोप त्याच काव्यात मोठ्या आवाजात वाचून दाखवलाय. तुमच्या कादंबरीतही असा एक युपायथीस हवा, आणि त्याचं म्हणणं खोडता येऊ नये.

मग एवढं होऊनही आपण ओडिसियसबरोबर का राहतो? कारण आपण त्याला सोसताना पाहतो. काव्यात तो पहिल्यांदा समोर येतो तेव्हा लढत नसतो, कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर समुद्राकडे बघत रडत असतो. अमरत्व देऊ केलेलं असताना, पेनेलोपी तुझ्याइतकी देखणी नाही हे कबूल करून, तो घर मागतो. आठव्या सर्गात आंधळा गायक डेमोडोकस ट्रॉय पडल्याची गाथा गातो. ते ओडिसियसच्याच विजयाचं गाणं, आणि ओडिसियस रडतो कसा? नगर राखताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर कोसळलेली बाई, जिला मागून भाल्याने टोचत गुलाम म्हणून नेतायत, ती जशी रडते तसा. जिंकणाऱ्याच्या डोळ्यांत होमरने हरलेल्या बाईचं पाणी घातलंय. ही उपमा मी वर्गात वाचते तेव्हा त्यावर काही बोलत नाही, थोडा वेळ जाऊ देते.

घरी पोचल्यावरही त्याच मेटिसची किंमत तो स्वतःच्या अंगावर मोजतो. उकिरड्यावर गोचिडांनी भरलेला म्हातारा कुत्रा आर्गोस २० वर्षांनी त्याला ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो, जवळ यायचं त्राण त्याच्यात नसतं. ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात आहे. तो जवळ जाऊ शकत नाही. मान वळवून गुपचूप डोळा पुसतो. एकोणिसाव्या सर्गात पेनेलोपी समोर रडते आणि त्याचे डोळे शिंगाचे किंवा लोखंडाचे असावेत तसे स्थिर राहतात. कावा चालू ठेवायचा म्हणून बायकोला धीर देता येत नाही.

दासींचं मात्र मी सावरून घेणार नाही. १०८ मागणीदारांना मारल्यावर त्या १२ जणींकडून आधी प्रेतं उचलून घेतात, रक्त पुसून घेतात, मग ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस त्यांना एका दोरावर लटकवतो. होमर म्हणतो, जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारख्या त्या दिसल्या. पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही. त्या काळात गुलाम हा मालमत्तेचा भाग होता, हे कारण मी विद्यार्थ्यांना सांगते, पण त्याने ती ओळ हलकी होत नाही आणि होऊही नये. विद्यार्थ्याने इथे नायकाची बाजू सोडली तर त्याचं वाचन चुकलं असं मी म्हणत नाही.

एवढ्या कावेबाज माणसाचा शेवट होमरने कसा केलाय तेही बघा. तेविसाव्या सर्गात, हा खरंच आपला नवरा आहे का हे पारखायला, पेनेलोपी सहज बोलावं तसं दासीला सांगते की तो पलंग बाहेर काढ. जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या खोडाभोवती त्याने स्वतः बांधलेला तो पलंग हलूच शकत नाही, आणि हे या दोघांना आणि एका दासीलाच माहीत. ओडिसियस भडकतो: कोणी हलवला माझा पलंग? इतक्या सर्गांत जो प्रत्येक शब्द तोलून बोलला, तो इथे न तोलता बोलून जातो, आणि म्हणूनच ओळखला जातो. त्याला जी हरवते, तिची हुशारी त्याच्याच जातीची आहे.

आणि नंतर लाएर्टीस. सगळे मागणीदार मेलेत, बापापासून लपण्याचं काही कारण उरलेलं नाही. मळ्यात ठिगळं लावलेले कपडे घालून म्हातारा बाप रोपाभोवतीची माती उकरतोय. ओडिसियस झाडाखाली उभा राहून रडतो, जाऊन मिठी मारावी का असा विचार करतो, आणि मग पुढे होऊन बापालाही थाप मारतो: मी परका, तुझा मुलगा पाच वर्षांपूर्वी भेटला होता. म्हातारा दोन्ही हातांनी माती उचलून स्वतःच्या पांढऱ्या डोक्यावर ओततो. तेव्हा मुलाला राहवत नाही, तो झेप घेऊन त्याला मिठी मारतो. या थापेची गरज काय होती यावर अभ्यासक भांडतात. मला विचाराल तर गरज काहीच नव्हती. ती सवय होती. २० वर्षं जिने जिवंत ठेवलं ती सवय बापासमोरही सुटली नाही.

तुमचा मसुदा पुन्हा हातात घ्याल त्याआधी हे दोन प्रसंग लागोपाठ वाचा, नवव्या सर्गाचा शेवट आणि चोविसाव्यातला हा मळा. मोठ्याने वाचा. नंतर तुमच्या नायकाचं सगळ्यात चांगलं प्रकरण उघडा आणि तिथे तो ज्या गुणावर जिंकतो, तोच गुण त्याने आपल्या माणसावर वापरला तर काय होईल, ते एक पान लिहून बघा. जमलं तर मला पाठवा, मी वाचेन.